छत्राक, क्षुंप आणि अळंबें : भूछत्राच्या नांवांचा विचार

मेघदूताच्या निरनिराळ्या पोथ्या ज्यांनीं ताडून पाहिल्या आहेत त्यांस पूर्वमेघांतील, मल्लिनाथाच्या क्रमानें अकराव्या, श्लोकाचा पाठभेद परिचित असेल. मेघाच्या गर्जनेनें भूमि 'उच्छिलींध्रा' होते, म्हणजे तिच्यांतून शिलींध्रें वर येतात, असें कवि म्हणतो. मल्लिनाथानें स्वीकारलेल्या पाठांत यापुढें 'अवंध्या' असें स्वतंत्र विशेषण आहे. काश्मीरचा वल्लभदेव मल्लिनाथाहून कित्येक शतकें अगोदरचा. त्याच्या पाठांत मात्र 'उच्छिलींध्रातपत्रा' असा एकच समास आढळतो. आतपत्र म्हणजे छत्र. शिलींध्रांचीं छत्रें जिच्यावर उभारलीं गेलीं आहेत अशी ती भूमि, हा अर्थ उघड आहे. आणि तो घेतला म्हणजे शिलींध्र हें पावसाळ्यांत उगवणारें भूछत्रच होय, याविषयीं शंकेस जागा राहत नाहीं.

मल्लिनाथ मात्र कोशाचा आधार देऊन शिलींध्राचा अर्थ 'कंदली' असा करितो. आतां, कंदली हा शब्द याच काव्यांत थोडा पुढें स्वतंत्र आलेला आहे, व तेथें तिला नुकत्याच आलेल्या कळ्यांचें वर्णन आहे. भूछत्रास कळी येत नाहीं. शिवाय गर्जनेशीं संबंध कंदलीचा नव्हे, भूछत्राचा. मेघ गडगडला कीं जमिनींतून छत्रें फुटतात ही समजूत फार दूरवर पसरलेली आहे. ग्रीक ग्रंथकार प्लूटार्क यानें भोजनप्रसंगींच्या प्रश्नांत या समजुतीची चर्चा केली आहे, आणि अरबी भाषेंत तर जमिनींत वाढणाऱ्या अशाच एका जातीस 'बनात-उर-रअद', म्हणजे गडगडाटाच्या कन्या, असें नांवच आहे. तेव्हां अर्थाच्या दृष्टीनें वल्लभदेवाचा पाठ बलवत्तर आहे, असें माझें मत आहे.

हा पाठभेद आरंभीं मांडण्याचें कारण असें कीं, त्यावरून एक वेगळाच प्रश्न उपस्थित होतो. मल्लिनाथ आंध्रदेशीय. तिकडे भूछत्रास 'पुट्टगोडुगु', वारुळाची छत्री, असा सर्वतोमुखीं असलेला शब्द आज चालू आहे. असें असतां इतक्या साक्षेपी टीकाकारास घरच्या अंगणांतील वस्तु सोडून कोशांतील फुलाकडे कां जावें लागलें? माझ्या समजुतीप्रमाणें याचें उत्तर भूछत्राच्या नांवांच्या इतिहासांत आहे. ही वस्तु जे खातात त्यांनीं तिला दिलेलीं नांवें एका प्रकारचीं, व जे खात नाहींत त्यांनीं दिलेलीं दुसऱ्या प्रकारचीं आहेत. आमचे लिखित ग्रंथ बहुतांशीं दुसऱ्या वर्गाच्या हातचे असल्यामुळें पहिल्या वर्गाचे शब्द पोथींत फारसे चढलेच नाहींत, आणि जे चढले त्यांचे अर्थ टीकाकारांस पारखे झाले.

निषेध कोणीं केला हें प्रसिद्ध आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लशुन, गृंजन व पलांडु यांच्या पंक्तीस 'कवक' बसविलें आहे. त्याच अध्यायांत पुढें गांवडुक्कर व गांवकोंबडा यांच्याबरोबर 'छत्राक' सांगून, जाणूनबुजून तें खाणारा द्विज पतित होतो असें म्हटलें आहे. आणि सहाव्या अध्यायांत वानप्रस्थास पुन्हां 'भौम' कवकें वर्ज्य केलीं आहेत. जें प्राप्त आहे त्याचाच प्रतिषेध होतो, हा मीमांसकांचा न्याय येथें लागू करावा. तीन वेळां निषेध सांगावा लागला, त्याअर्थीं खाणारे पुष्कळ होते. शिवाय 'भौम' हें विशेषण व्यर्थ मानावयाचें नसेल तर जमिनींतून उगवणारें कवक आणि झाडाच्या खोडावर येणारें कवक हा भेद स्मृतिकाराच्या डोळ्यांपुढें होता असें मानावें लागतें. असा भेद जंगलांत हिंडून वेंचणारालाच आधीं ठाऊक व्हावयाचा.

धर्मशास्त्रज्ञांनीं टाकलेलें हें ज्ञान वैद्यांनीं जतन केलें. सुश्रुताच्या सूत्रस्थानांत, शेहेचाळिसाव्या अध्यायांत, 'उद्भिद' या सदराखालीं पेंढ्यावर, उंसावर, शेणावर, वेळूवर आणि जमिनीवर उगवणारीं असे पांच प्रकार सांगून त्यांचे गुण निरनिराळे दिले आहेत. येथें ना छत्र आहे, ना निंदा आहे. कशावर उगवलें एवढेंच पाहिलें आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें याहूनही मोलाचें वचन चरकाचें आहे. सत्ताविसाव्या अध्यायांत तो म्हणतो कीं, सर्पच्छत्रक वगळून छत्राच्या दुसऱ्या पुष्कळ जाति आहेत. त्या शीत, मधुर, गुरु आणि पडसें उत्पन्न करणाऱ्या असतात. या एका वाक्यांत 'छत्र' हा सामान्य शब्द, 'सर्प' हें त्यास लावलेलें दूषण, आणि दूषित जाति वगळली कीं बाकीच्या आहारांत घेण्याजोग्या, असा सगळा विवेक आलेला आहे. छत्र हा शब्द स्वतः तिरस्कारदर्शक नव्हे. तें छत्र कोणाचें म्हटलें आहे, यावर सर्व अवलंबून आहे.

हें सूत्र हातीं धरून देशी भाषांकडे वळलें कीं बराच गोंधळ दूर होतो. मराठींत 'कुत्र्याची छत्री' म्हणतात. कानडींत 'नायिकोडे', तेलुगूंत 'कुक्कगोडुगु', तामिळांत 'नाय्क्कुडै'; तिन्हींचा अर्थ अक्षरशः कुत्र्याची छत्री. बंगालींत कुत्र्याच्या जागीं बेडूक येतो, 'बेंगेर छाता'. गुजराथेंत मांजर येतें, 'बिलाडीनो टोप'. हिंदीनें तर छत्रीही काढून घेतली व 'कुकुरमुत्ता' म्हणून कुत्र्याच्या मूत्राशीं संबंध जोडला. (निराला कवीनें 1942 सालीं याच नांवाच्या काव्यांत गुलाबासमोर कुकुरमुत्त्यास उभें केलें, तें या नांवांतील हीनत्व ओळखूनच.) याच्या उलट वारुळाची छत्री हें तेलुगु नांव, किंवा ओडियांतील नुसतें 'छतु', यांत दूषण नाहीं, आणि ओडिशांत छतु आवडीनें खातात. बंगालींत मात्र बेडकाच्या छत्रीचेंच नांव खाण्याच्या जातींसही सर्रास लावतात. हा अपवाद नोंदून ठेवणें प्रामाणिकपणाचें होईल. पण एकदां रूढ झालेलें नांव पुढें मूळ भाव विसरून चालतें, हें शब्दांच्या इतिहासांत नवें नाहीं.

कुत्र्याच्या छत्रीची ही मालिका तामिळ देशापासून महाराष्ट्रापर्यंत सलग पसरलेली आहे, आणि ती आर्य व द्राविड या भाषाकुलांची सीमा मुळींच मानीत नाहीं. येथें शब्दाचा ध्वनि प्रवास करीत नाहीं, अर्थ प्रवास करितो. प्रत्येक भाषा आपल्या घरचा कुत्रा व आपल्या घरची छत्री घेऊन तोच समास पुन्हां घडविते. म्हणूनच अशा नांवांचें मूळ कोणत्या भाषेंत, हें ध्वनिशास्त्रानें ठरवितां येत नाहीं. इंग्रजींतील 'टोडस्टूल', म्हणजे भेकाचें आसन, व बंगालींतील बेडकाची छत्री यांचें साम्य पाहून आद्य आर्यभाषेपर्यंत धांव घेण्याचा मोह कोणास झाल्यास तो आवरावा. बेडूक आणि भूछत्र ओल्या दिवसांत एकाच जागीं दिसतात; एवढें कारण दोन्हीकडे पुरेसें आहे.

आतां ज्या नांवांचा ध्वनि टिकून राहिला आहे त्यांकडे वळूं. त्यांपैकीं सर्वांत प्राचीन, आणि माझ्या मतें सर्वांत उपेक्षित, शब्द ऋग्वेदांत आहे. पहिल्या मंडलाच्या चौऱ्यांशीव्या सूक्तांत ऋषि विचारतो कीं, दान न देणाऱ्या मर्त्यास इंद्र 'क्षुंपा'सारखा पायानें केव्हां तुडवील? यास्कानें निरुक्ताच्या पांचव्या अध्यायांत क्षुंप म्हणजे 'अहिच्छत्रक' असें स्पष्ट सांगितलें आहे व 'क्षुभ्' धातूपासून त्याची व्युत्पत्ति लाविली आहे. व्युत्पत्ति मानावी न मानावी, अर्थ मात्र उपमेस चपखल बसतो. पायाच्या ठोकरीसरशीं ज्याचा चुरा होतो अशी ही वस्तु आहे. कांहीं कोशांत क्षुंपास 'झुडूप' असाही अर्थ दिलेला सांपडतो. झुडूप पायानें इतकें सहज उडत नाहीं.

यास्काचा अर्थ बरोबर असल्याची साक्ष मला पंजाबींत मिळते. पंजाबींत भूछत्रास 'खुंब' म्हणतात. 'क्ष'चा 'ख' होणें हें नेहमींचेंच. अनुनासिकापुढील कठोर वर्णाचा मृदु वर्ण होणें, हा पंजाबी-सिंधी बाजूच्या भाषांचा विशेष आहे: संस्कृत दंत, पंजाबी दंद, संस्कृत पंच, पंजाबी पंज, संस्कृत कंप्, पंजाबी कंबणा. त्याच नियमानें क्षुंपाचा खुंब झाला पाहिजे, आणि झालेला आहे. हिंदींत हा नियम चालत नाहीं; तेथें दांत, पांच, कांपना असेंच राहतें. म्हणून हिंदींतील 'खुंबी' हा शब्द पंजाबकडून आलेला पाहुणा समजावा. ज्या भूभागांत ऋग्वेदाचीं सूक्तें रचलीं गेलीं त्याच भूभागांत ऋषींच्या तोंडचा हा शब्द खेडुतांच्या तोंडीं टिकला, आणि संस्कृत ग्रंथांतून मात्र नाहींसा झाला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. यास्काच्या काळींच त्याचा अर्थ सांगावा लागत होता.

यास्कानें अर्थ देतांना योजलेला अहिच्छत्रक, म्हणजे सापाची छत्री, हा शब्द पुढें पालीतही भेटतो. पावा येथें चुंदानें बुद्धास जें अखेरचें भोजन दिलें त्यांतील 'सूकरमद्दव' म्हणजे काय, यावर उदानाच्या अट्ठकथेंत धम्मपालानें निरनिराळीं मतें नोंदलीं आहेत. एका मतें डुकराचें मऊ मांस, दुसऱ्या मतें डुकरांनीं तुडविलेले वेळूचे कोंब, आणि आणखी एका मतें डुकरांनीं तुडविलेल्या जागीं उगवलेलें 'अहिच्छत्तक'. या वादांत मी पडत नाहीं. एवढेंच नोंदवितों कीं, सापाच्या नांवाची वस्तुही बुद्धाच्या पात्रांत वाढली गेली असेल असें मानणारे बहुश्रुत लोक त्या काळीं होते. उत्तर पंचालांची राजधानी अहिच्छत्र हिच्या नांवाशीं मात्र याचा संबंध जोडूं नये. तेथील दंतकथांत नागाच्या फणेचें छत्र आहे.

आतां आपल्या 'अळंबें' शब्दाकडे येऊं. हा शब्द संस्कृत 'आलंब' यापासून आला असें सुचविणें सोपें आहे, कारण दोन स्वरांमधील 'ल'चा मराठींत 'ळ' होतो. परंतु आलंब म्हणजे आधार, टेंकू. भूछत्र या अर्थीं तो संस्कृतांत आढळत नाहीं. दुसरें असें कीं, शब्द संस्कृतोद्भव असता तर हिंदी, बंगाली, पंजाबी या बहिणींपैकीं एकीच्या तरी घरीं त्याचा मागमूस लागता. तो लागत नाहीं. उलट कानडींत 'अणबे' व त्याचीं 'अणंबे', 'अळंबे' हीं रूपें आहेत, तुळूंत 'अळंबु', 'लांबु' आहेत, आणि आपल्या बाजूस कोंकणींत 'अळमी' आहे. सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर, जेथें पाऊस अधिक व रान दाट, तेथें हा शब्द नांदतो. नर्मदेपलीकडे तो जात नाहीं. ही भूगोलाची साक्ष मला निर्णायक वाटते. अळंबें हा द्राविड शब्द आहे आणि तो मराठीच्या स्वयंपाकघरांत दक्षिणेकडून आला, किंवा अधिक नेमकें सांगावयाचें तर मराठी बोलूं लागण्यापूर्वीं येथें जे लोक होते त्यांच्याकडून तो राहून गेला.

प्राचीन तामिळांतील 'आंबि' हा शब्द याच कुळांतला असावा असें दिसतें. तथापि मधला 'ळ' किंवा 'ण' तेथें नसल्यामुळें मी आग्रह धरीत नाहीं. हा आंबि शब्द संघकालीन 'पुरनानूरु' या संग्रहांत मोठ्या मार्मिक ठिकाणीं आला आहे. दारिद्र्यानें गांजलेल्या कवीच्या घरीं चूल इतके दिवस पेटलेली नाहीं कीं, तिच्यावर भूछत्रें उगवलीं आहेत. आमच्या काव्यांत भूछत्र मेघाच्या गर्जनेस उत्तर देतें, तामिळांत तें विझल्या चुलीवर येतें.

अळंबें हें खाणारांचें नांव असल्याची खूण अशी कीं, त्यास उपनांवें लागतात. गोमंतकांत वारुळावर येणाऱ्या अळमीस 'रोयण अळमी' म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. पावसाळ्यांत ती पानांत बांधून बाजारांत येते, व तिचा भाव ऐकून अनोळखी माणूस चकित होतो. तुळूंत 'कल्ललांबु' आहे. कल्लु म्हणजे दगड. खाणाराला एकाच नांवावर भागवितां येत नाहीं. वारुळाचा हा संबंध लोकांनीं केवळ जागा पाहून जोडला असें कोणी समजेल, पण तो त्याहून खोल आहे. वाळवी वारुळाच्या पोटांत पालापाचोळा नेऊन त्यावर या कवकाची अक्षरशः शेती करिते, आणि पावसाळ्यांत त्याचींच छत्रें वर येतात. रोजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञानें 1942 सालीं या जातीस वाळवीवरूनच 'टर्मिटोमायसीस' असें शास्त्रीय नांव दिलें. पुट्टगोडुगु व रोयण अळमी म्हणणारांनीं तेंच नांव आधीं दिलेलें होतें.

विदर्भाच्या पूर्वेकडील रानांत अळंब्याचें राज्य संपतें. तेथें 'सात्या' आणि 'टेकोडे' हे शब्द ऐकूं येतात. त्यापलीकडे छत्तीसगडांत 'फुटू' व 'पुटू', बस्तरांत सालवृक्षाखालीं सांपडणारा 'बोडा', आणि झारखंडाकडे संताळींत 'पुटका'. या शेवटच्या शब्दावरून विद्वानांत एक वाद झाला. ब्राह्मणग्रंथांत सोमाच्या अभावीं 'पूतीक' घ्यावें असें सांगितलें आहे. स्टेला क्रामरिश यांनीं 1975 सालीं पूतीक म्हणजेच संताळांचें पुटका, असें प्रतिपादिलें. त्यापूर्वीं 1968 सालीं गॉर्डन वॅसन यांनीं सोम हेंच मुळीं एक लाल भूछत्र होतें असा ग्रंथ लिहिला होता, व जॉन ब्रफ यांनीं 1971 सालीं त्यावर कठोर टीका केली. सोमाविषयींचें मत मला पटत नाहीं. ज्या समाजानें क्षुंपास ठोकरीची उपमा दिली त्यानेंच भूछत्रास देव मानावें, हें विसंगत दिसतें. पुटक्याची गोष्ट निराळी. पूतीक शब्द 'पूति', म्हणजे दुर्गंध, यापासून सरळ लागतो हें खरें. परंतु परका शब्द घेऊन त्यास संस्कृत धातूचा पेहराव चढविण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे.

याच वॅसन गृहस्थांचा दुसरा एक विचार मात्र स्वीकारण्याजोगा आहे. त्यांची पत्नी वॅलेंटिना रशियन होती. 1927 सालीं विवाहानंतर दोघें रानांत फिरावयास गेलीं असतां ती भूछत्रें पाहून हर्षानें वेंचूं लागली, आणि पति भीतीनें मागें सरला. त्यावरून दोघांनीं शोध करून 1957 सालीं असें मांडलें कीं, कांहीं लोक भूछत्रप्रिय व कांहीं भूछत्रद्वेष्टे असतात, व तें त्यांच्या भाषेंत उमटतें. युरोपांतील शब्दांचा प्रवासही तसाच आहे. लॅटिन 'बोलेटस' जर्मनांच्या तोंडीं 'पिल्झ' झाला. स्लाव्हांचा 'गोंबा' हंगेरींत 'गोम्बा' होऊन राहिला. इंग्रजांनीं खाण्याच्या जातीचें नांव 'मश्रूम' फ्रेंचांच्या 'मूसरों'वरून घेतलें, आणि न खाण्याच्या जातीस घरचें भेकाचें आसन ठेविलें. आपल्याकडे मराठींत नेमकें हेंच झालें: खाण्याचें नांव शेजाऱ्याचें, टाकण्याचें नांव घरचें.

येथें एक सूचना देणें अवश्य वाटतें. नांवांची ही वांटणी इतिहासास उपयोगी आहे, जिभेस नाहीं. ज्यास अळंबें म्हणतात तें सुरक्षित व ज्यास कुत्र्याची छत्री म्हणतात तेवढेंच विषारी, असा निवाडा केल्यास प्राणावर बेतेल. दर पावसाळ्यांत विषबाधेच्या वार्ता येतात त्यांत हें एक कारण असतें. वेंचणारी बाई नांवावरून ओळखीत नाहीं. ती जागा, दिवस, देंठ, वास, सर्व पाहते आणि मग नांव उच्चारते. तें नांव तिच्यामागें नाहींसें झालें म्हणजे त्याच्याशीं बांधलेली परीक्षाही जाते. आणि तीं नांवें जात आहेत. पाठ्यपुस्तकांत मनूचें वर्ज्य 'कवक' शास्त्रीय संज्ञा होऊन मानानें बसलें आहे. लागवडीच्या पुस्तिकांतून 'धिंगरी अळिंबी' हा जोडशब्द गांवोगांव पोंचला आहे. त्यांतील धिंगरी उत्तरेकडची. सात्या, टेकोडे, रोयण हे शब्द मात्र या पुस्तकांत क्वचितच सांपडतात.

ज्यांच्या संग्रहीं वैद्यकाचीं बाडें किंवा निघंटूच्या प्रती आहेत त्यांस म्हणून एक विनंति आहे. अशा प्रतींत संस्कृत नांवाच्या वर किंवा समासांत देशी प्रतिशब्द बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. छत्राक, कवक, शिलींध्र, भूमिच्छत्र, सर्पच्छत्रक या पांच नांवांपाशीं असलेले प्रतिशब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे. लेखन अशुद्ध वाटलें तरी सुधारूं नये, कारण 'अळंबें' आणि 'अणंबें' यांतील एका अक्षरावर शब्द घाटावरून आला कीं किनाऱ्यानें, हें ठरण्याचा संभव आहे. प्रत कोठें लिहिली, लेखकाचें गांव कोणतें व शक कोणता, हें पुष्पिकेंत असल्यास तेंही द्यावें. मेघदूताच्या पोथ्या बाळगणारांनीं अकराव्या श्लोकांत 'आतपत्र' आहे कीं 'अवंध्या', एवढें पाहून कळवावें. विशेषतः दक्षिणेंत लिहिलेल्या एखाद्या पोथींत वल्लभदेवाचा पाठ निघाल्यास तो प्रसिद्ध करण्याजोगा होईल.